नऊ किलो

गिट्टीखदान चौकात रद्दीवाल्याच्या तानकाट्याला
पिशवी टांगली: नऊ किलो.
अल्ताफ हसला, "पायी रिद्धपूरला चालले,
की घर बदलून राहिले?"

घरी येऊन पुन्हा सगळं ओट्यावर.
बॅटरी काढली. पौर्णिमा आहे.
दुसरा टॉवेल काढला, दुपट्टाच पुसेल तोंड.
स्टीलचा डबा काढून सातू पन्नीत बांधला.
गोळ्या राहू दिल्या,
बीपी काही देवाला विचारून वाढत नाही.

पुष्पलता खुर्चीवरूनच, गुडघ्याला तेल चोळत:
"कांदा घेतला?"
घेतला.
"दोन घ्या. कोंढाळीच्या समोर सावली नाही,
मले माहीत आहे."
तिला माहीत आहे. सात चैत्र तीच समोर चालायची,
मी मागे, तिच्या टाचांच्या भेगा बघत.

कूलरच्या गवतावर पाणी मारलं.
इतके दिवस बादली कोण उचलेल
हे दोघांनीही विचारलं नाही.

पहाटे तीनला पिशवी खांद्यावर घेतली
तर पट्टा बगलेत काचला.
तिच्या मापाचा, आखूड.
सैल करायला बक्कल धरलं
आणि तसंच सोडलं.

"दंडवत," ती अंधारातून म्हणाली,
"अन् हळू चाला. मी नाही समोर."