कापूस

आमच्या उगावच्या शिवारात कापूस पिकत नाही.
द्राक्षं, कांदा, पाणी उरलंच तर गहू.
म्हणून शेततळ्याच्या कडेला
पांढरं काही हलताना दिसलं तेव्हा वाटलं,
कुणाची गादी फाटली की काय.

रोहू होता. जिवंत.
पाठीच्या परामागे बोटभर बोंड फुटलेलं,
पाण्यात ते सावकाश फुलायचं, मिटायचं,
जणू श्वास माशाचा नव्हे, त्याचाच चाललाय.
काठीने ढोसलं तरी पळाला नाही.
उचलून वर धरला, तर ते सगळं पिंजलेपण
क्षणात बसलं,
शेंबडासारखं.

थंडीचा आठवडा. कुंदेवाडीला पारा पाचाखाली,
बागेबागेत शेकोट्या, घडांवर धूर.
धाकटा दीर दगू म्हणाला, वहिनी, ही भुरीच,
आणि मोरचुदाची पिशवी खांद्यावर टाकून आला.
बुरशी ती बुरशी,
वेलीवरची काय नि माशावरची काय!

नांदूरहून पुंजाजी भोई आले, कानाला मफलर.
"ती पिशवी आधी लांब ठेवा.
घडाला कल्ले नसतात."
मग मासा तळहातावर निजवून
अंगठ्याने कापसाची कड सारत गेले.
खाली खवला नव्हता. खरवड होती,
आणि जाळ्याच्या दोन गाठींत असतं तेवढ्या अंतरावर
दुसरी.

"जाळं कधी ओढलंत?"

दहा दिवस झाले होते.
विकायला नाही, नुसतं बघायला,
अर्धा किलो भरले का ते.
शेजारच्या लीलाबाईला बोलावलं, तराजू टांगला,
काळ्या प्लास्टिकवर ते उड्या मारत होते
आणि मी हसत हसत फोटो काढला होता.

"धड कातडीला हे धरत नाही," पुंजाजी म्हणाले.
"पाण्यात ते असतंच, बारा महिने.
कुणीतरी दार उघडावं लागतं."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

निळ्या पिंपात शंभर लिटर पाणी, तीन किलो खडे मीठ.
एकेक बुडवायचा,
कुशीवर कलला की लगेच काढायचा.
कुणी साठाला कलतो, कुणी दोनशेपर्यंत तग धरतो.
मी मोठ्याने मोजत होते.
छाटणीने हातांना भेगा पडलेल्या,
मीठ आत शिरलं.
हात काढला नाही.

दिवेलागणीपर्यंत एकशे बारा.
एकोणतीस लिंबामागच्या खड्ड्यात, वर चुना.
खड्डा दगूने खणला. बोलला काही नाही,
पिशवी उचलून बागेकडे गेला.

माघ सरता सरता पाणी तापलं.
आता कोंडा-पेंड टाकली की येतात,
काळपट पाठींचा घोळका,
त्यात एकाच्या परामागे रुपयाएवढी जागा,
तिथले खवले पुन्हा आले, पण रांगेत नाही आले.
तो सगळ्यांच्या मागून येतो.
मी मूठभर राखून ठेवते.

पिंपळगावचा व्यापारी फोनवर विचारतो,
नग कितीचा भरेल, ताई? एकदा जाळं टाकून बघा ना.
तराजू पडवीत खुंटीला आहे.
सांगते, अंदाजाने घे.