पंचेचाळीस दिवस

दर पंचेचाळीस दिवसांनी
आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात
लोकर तोलायच्या काट्याला कुत्री लटकतात.
पोटाखालून गोणपाट, चारी पाय अधांतरी,
आणि चेहऱ्यावर असा भाव, की
हा अपमान आम्ही लक्षात ठेवू.

मी वर्गातला खडू घेऊन बाहेर येते,
भिंतीवर वजनं लिहिते.
डॉक्टर रायेन ओयार्सो कोयाइकेहून येते,
चार तासांचा खडीचा रस्ता.
तिच्या गाडीचा एक आरसा वाऱ्यानं केव्हाच नेलाय.
जून आहे, म्हणजे बर्फ आहे.
लसीच्या कुप्या गोठू नयेत म्हणून
ती कोटाच्या आत, पोटाशी धरून आणते,
अंडी आणावीत तशी.

फिदेन्सिओ बार्रिया सगळ्यांत आधी.
कुत्रीचं नाव तिस्ने, म्हणजे काजळी;
आता थोबाड राखेचं झालंय.
अकरा वर्षं. तेवीस किलो.
मागच्या खेपेला चोवीस होते.
काटा खोटा बोलतो, म्हातारा म्हणतो.
काटा नाही, दाढ, म्हणते रायेन,
आणि ओठ उचलून दाखवते:
हिरडी सुजलेली, दाढ हलतेय,
म्हणून ती एकाच बाजूनं चावते, अर्धं टाकते.
तो वाकून बघतो.
त्याचे स्वतःचे दात मी मोजलेत. पाच.

गोळी चीजमध्ये.
तिस्ने चीज खाते, गोळी बर्फावर ठेवते,
अगदी सभ्यपणे.
दुसऱ्यांदाही तेच.
मग तो जबडा उघडतो, गोळी घशाशी सरकवतो,
तोंड मिटून धरतो, गळा चोळत राहतो
तिची जीभ नाकावर येईपर्यंत.

त्याच्या बरगड्यांखाली वीतभर व्रण आहे.
यकृतात पाण्याची गाठ होती, संत्र्याएवढी.
भावालाही होती. भावाची फुटली.
तेव्हा कुणाला ठाऊक होतं?
मेंढी कापली की आतडी-काळीज कुत्र्यांपुढे.
कुत्रं खूश, केस कसे चकचकीत,
त्याच केसांवरून हात फिरवायचा,
त्याच हातानं पाव मोडायचा.
कुत्र्याला काहीच होत नाही. तिथंच तर घात.

"लाड केले म्हणून गेला," तो म्हणाला होता एकदा,
माते ओतता ओतता, "दोष कुणाला देऊ?"
मग म्हणाला, पाणी निवलं.

आता तो आतडी खोल पुरतो, वर दगड ठेवतो.
तिस्ने दगडाजवळ बसून राहते, तासन् तास.
आशा सुटत नाही.

त्याला वाचता येत नाही.
कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत.
तारीख, गोळी, लस, वजन, पुढची तारीख.
दर वेळी मला पहिल्या ओळीपासून वाचायला लावतो:
चार किलो. नऊ. अठरा.
मध्ये एक मोठी फट येते, पाच महिन्यांची.
"तेव्हा ओदिलिया आजारी होती," तो सांगतो,
जणू रकान्याची माफी मागतोय.

आज रायेननं नळी तिस्नेच्या छातीला लावली
आणि बराच वेळ काढली नाही.
वारासुद्धा ऐकू आला.
हृदयात कुरकुर आहे, ती म्हणाली.
रोज अर्धी गोळी, सकाळी.
कळपामागं टेकडीवर नको यापुढं.
दाढ काढायला कोयाइकेला यावं लागेल.

"टेकडी मलाही जमत नाही," तो म्हणाला.
दवाखान्यातली नर्स दोन वर्षं त्याची वाट बघतेय,
नुसता रक्तदाब मोजायला.
कुत्रीसाठी मात्र तो विचारतो:
अर्धी म्हणजे कशी कापायची? चुरा झाला तर?
एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का?
नाही, फिदेन्सिओ. एकच.
"गाडीत दोघांना जागा होईल?"
होईल, रायेन म्हणते,
आणि पाच दातांकडे बघून काही बोलत नाही.

मी पुढची तारीख लिहिते. सव्वीस जुलै.
तो कार्ड पिशवीत, पिशवी खिशात, वर बटण.
तिस्ने त्याच्या बुटावर येऊन बसलीय.
"सव्वीस," तो तिला सांगतो.
"लक्षात ठेव. मी विसरलो तर."