राखण

आमच्याकडे सोमवारी कबर खणत नाहीत.
रविवारी येऊन एक ढेकूळ तरी उलटायचं,
म्हणजे काम कालच सुरू झालं होतं
असं मातीला सांगता येतं.

म्हणून आलोय, फेस्टी,
सायकलला फावडं बांधून, भरती चढायच्या आत.
फाटक गंजून बसलंय. लाथ घालावी लागली.

अकरा वर्षं इथे कुणी आलं नाही.
लोकांना आता रस्त्यालगतची जागा बरी वाटते,
नळ आहे, गाड्या लावता येतात.
इथे बिननावाचे दगड,
आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पांढऱ्या गारगोट्या,
बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं.
बाप रात्री आणायचे, साबणाच्या खोक्यात, कोटाखाली.
तुझ्या आईची दोन आहेत त्यांत.
कोणत्या गारगोट्या, ते ती बोलली नाही.

शेवटी जो पुरला जातो, त्याने राखण करायची.
फाटकाशी उभं राहायचं, आतल्यांना पाणी पुरवायचं,
पुढचा येईपर्यंत.
एकाच दिवशी दोन मयती निघाल्या
की माणसं पेटी घेऊन पळत सुटायची.
माझ्या आजोबांचा खांदा त्यातच निखळला,
तरी मॅन्यनांचा म्हातारा आधी आत शिरला.

तर अकरा वर्षं अट्राक्टा उभी आहे.
तुझी बहीण. गुडघे तर आधीच गेलेले.

तीन मेंढ्यांना पुरेल एवढ्या गवतावरून,
एका दगडी बांधावरून
चाळीस वर्षं अबोला.
तिच्या जागरणाला आलास, दारातच थांबलास,
चहा घेतलास, प्यायला नाहीस,
कप खिडकीत ठेवून निघून गेलास.

आणि परवा हॉस्पिटलात म्हणालास म्हणे,
मला जुन्या जागेत न्या,
तिथे कुणीतरी कधीचं उभं आहे.
नर्स केरळची. तिने मला गाठून विचारलं,
कोण ते? खाली खुर्ची पाठवू का?

आज पहाटे सुटलास.

हे बघ, ढेकूळ उलटलं.
खडक लागला नाही, नशीब तुझं.
शिंपले निघाले, मातीच्या पाइपचा तुटका दांडा,
कुणाचा कोण जाणे.

उद्या खड्डा झाला की त्यावर
दोन फावडी फुलीसारखी टाकायची असतात.
माझ्याकडे एकच आहे.
दुसरं तुझ्या गोठ्यातलं आणतो,
ज्याचा दांडा तू तिच्या हद्दीतल्या झाडाचा
रात्री चोरून तोडला होतास.

ती तो लगेच ओळखेल.
तिथूनच सुरू करा.