चौतीसपर्यंत

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाऊबाई म्हणाल्या,
भावजींची झोप म्हणजे गुऱ्हाळाचं इंजिन,
सवय होईल.
झाली.
घोरण्याची होते सवय.
ते मध्येच थांबतं, त्याची अजून नाही.

छाती वरखाली होतेय, पोट आत ओढलं जातंय,
आणि नाकाखाली धरलेल्या माझ्या बोटांना
काहीच लागत नाही.
मी मोजायला लागले.
बारा. एकोणीस. कधी सव्वीस.
एकदा चौतीस,
आणि मग रंकाळ्यात बुडालेला माणूस वर यावा तसा
हिसका देऊन श्वास.
कूस बदलून ते परत झोपलेले.
त्यांना काही माहीत नाही.

सकाळी डोकं जड : पित्त.
जेवताना पेंग : वय.
बीपीची गोळी एकाची दीड.
उद्यमनगरात लेथवर उभ्या उभ्या डुलकी लागली,
चकात गेलेली शर्टाची बाही
फाटली म्हणून हात राहिला.
घरी येऊन म्हणाले, कापडच जुनं होतं.
डॉक्टरचं नाव काढलं तर,
"घोरतो म्हणून कुणी दवाखान्यात जातंय व्हय?"
मीही गप्प बसले. बाही शिवली.

मग एका रात्री अडीचला मोबाईलवर
अकरा मिनिटं रेकॉर्ड केली
आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शॉपवर गेले.
या माणसाला मशीन आवाजावरून कळतं.
बेअरिंग गेलंय की बेल्ट ढिला,
अख्खी गल्ली विचारायला येते, रावसो, जरा ऐका की.
तसेच डोळे मिटले त्यांनी. मोबाईल कानाला,
भाकरीचा तुकडा हातात.
"कंप्रेसर हाय. कुणाचा?
व्हॉल्व्ह चिकटतोय बघ. मोटर ओढतीया,
हवा आत जात न्हाई.
बंद करा म्हणावं, जळंल."

मी म्हटलं, तुमचा.

त्यांनी पहिल्यापासून परत लावलं.
अकराच्या अकरा मिनिटं.
भाकरी डब्यात ठेवली.

राजारामपुरीत डॉक्टर मगदूमांकडे एक रात्र झोपले,
डोक्याला वायरी, छातीला पट्टे, बोटाला चिमटा.
"गणपतीच्या मांडवागत दिसतोय मी."
तासाला बेचाळीस वेळा, डॉक्टर म्हणाले.
झोपेत घसा सैल पडतो, वाट मिटते,
मेंदू ढोसून जागं करतो, तुम्हाला कळतही नाही.
मी मनात बेचाळीसला सातानं गुणत होते,
मग वर्षांनी.
त्यांनी एवढंच विचारलं, मशीनचं प्रेशर किती?
दहा सेंटीमीटर पाणी.
"अर्धी वीत?
शॉपवर सात किलोची हवा वापरतो आम्ही.
एवढ्या फुंकरीवर माणूस ऱ्हातोय?"
राहतो, डॉक्टर म्हणाले. वजनही उतरवा.

मशीनचे निम्मे पैसे माझ्या भिशीतले,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या दोन रात्री मास्क ओरबाडून काढला.
नाक सुकलं, गालावर पट्ट्याचे वळ.
तिसऱ्या संध्याकाळी पितळेचा एक हूक वळवून आणला,
नळी अडकवायला.
महिन्याभरानं जेवणानंतर पेपर वाचला,
शेवटच्या पानापर्यंत.
दर रविवारी मास्क धुऊन दोरीवर टाकतात, मोज्यांशेजारी.
हे काय, म्हणून जाऊबाईंनी विचारलं
तर म्हणाले, "नाक."

परवा मध्यरात्री लाईट गेली.
मशीन थांबलं, आणि त्यांच्या आधी
माझी बोटं उठली.
अंधारात मास्क काढल्याचा आवाज आला.
"किती झालं?"
सात.
"झोप तू. लाईट येईस्तोवर मी बसतो."
उशी भिंतीला लावून बसले,
आणि पाच मिनिटांत बसल्या जागी
घोरायला लागले.

मी परत एकपासून.