सत्त्याण्णव अंश

सगळ्यात जास्त तो तापतो पाण्यानं.
भिंती, खिडक्या, लिफ्टची लॉबी, पाहुण्यांचे सोफे
हे सगळं गुमान करतो.
पण सातव्या मजल्यावरच्या पोडियमवर
पोहण्याचा तलाव आला, त्यात आभाळ पडायला लागलं,
की पंखा किंचाळतो
आणि कोपऱ्यातला आकडा चढत जातो :
एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव.
मग स्वतःच डोळे मिटतो.
निळं पाणी अर्धंच राहतं.

ऑक्टोबर. चेंबूर. रात्रीचा दीड.
काय काय करून पाहिलं मी.
आईचा पोळपाट दिला खाली,
मग चार कोपऱ्यांना कॅरमच्या चार सोंगट्या,
तीन काळ्या, एक पांढरी.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला, आपण घामात बसले.
प्रोसेसर नव्याण्णव टक्क्यांवर अडवला, कुणीतरी म्हणालं म्हणून.
बाबा म्हणाले, उष्णता झालीय गं त्याला, सब्जा दे भिजवून,
आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत राहिले.

मुनाफभाईंचं दुकान लॅमिंग्टन रोडला, जिन्याखाली.
एक बसला की दुसऱ्यानं उभं राहायचं.
त्यांनी अकरा स्क्रू काढले,
बाटलीच्या झाकणात मोजून ठेवले,
पाठ उघडली.
आतली पेस्ट वाळून खडू झालेली.
आणि पंख्याच्या तोंडाशी, जाळीवर,
करड्या धुळीचा जाड थर.
चिमट्यानं अख्खा निघाला,
जुन्या गोधडीचा तुकडा निघावा तसा.
"घरासमोर काय पाडलं का, ताई?"
हो, म्हटलं.

शुभदा. चार मजली, पिवळी.
तिसऱ्यावर ढवळीकरबाई.
रात्री माझा दिवा दिसला
की खिडकीतून हातानंच सांगायच्या : झोप.
मार्चमध्ये सहा दिवसांत आडवी झाली.
बाई आता उलव्याला, मुलीकडे.
जाताना ओव्याची कुंडी देऊन गेल्या.
तिथेच उभा राहायचाय
हा बत्तीस मजल्यांचा,
ज्याचं पाणी मी रात्र रात्र निळं करते,
चित्रामागे ठरलेल्या पैशांत.

मुनाफभाईंनी ब्लोअर हातात घेतला.
मी म्हणणार होते, थांबा.
पण थांबून काय करा म्हणून सांगणार?
तिसऱ्या मजल्याचा चुना,
कुणाच्या देवळीतली काजळी,
कदाचित त्या खिडकीचीच कड
फुर्रकन रस्त्यावर गेली,
एका टेम्पोच्या ताडपत्रीवर बसली
आणि टेम्पो सिग्नलला वळला.
नवी पेस्ट. मटाराच्या दाण्याएवढी, जास्त नाही.
साडेसातशे रुपये.

आज एक्काहत्तर.
तलाव पुरा झाला.
काठावर दोन खुर्च्या मांडल्या, एक टॉवेलही.
इतका मुकाट चालतो आता
की आतल्या खोलीतला बाबांचा खोकला
नीट ऐकू येतो.
मोजून पाहिलं, कधीपासूनचा आहे.
मार्चपासूनचा.

दोन वाजले. समोर निळे पत्रे,
त्यांच्यावर वॉचमनचा एक बल्ब.
नकाशात तिसऱ्या मजल्यावर पार्किंग आहे.
तरी तिथे एक खिडकी काढली,
आत दिवा लावला.
बिल्डर म्हणेल, ही कुठून आली?
काढून टाकीन.
आकडा एका अंशानं चढला,
जरा थांबला,
उतरला.