कारणाचा रकाना

निंभोऱ्याच्या दवाखान्यात मरणांची वही माझ्याकडे होती.
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.

उखर्डू बसऱ्याहून आला, आश्विनात,
पलटणीच्या पट्ट्या पोटऱ्यांना तशाच.
बरगडीखाली पानथरी दगडासारखी:
तो तिकडचा हिवताप.
भुसावळच्या फलाटावर गाडी दोन रात्री खोळंबली,
तिथे मुंबईकडचा खोकला
त्याच्या कांबळ्यात शिरला.
गावात आला तर जिनाकडची आळी ओस,
उंदीर पडले म्हणून माणसं
कपाशीच्या रानात झोपड्या घालून.
हा मात्र आपल्याच घरात निजला.
काखेतली गाठ मी शेवटी पाहिली.

टाक बुडवला. कुणाला आधी लिहावं कळेना.
डॉक्टर हात धूत म्हणाले, ताप लिही.
सावद्याहूनही तेच आलं होतं, ताप.
रावेर, ताप.
वाघोड्यापर्यंत रुळाच्या कडेकडेनं
एकच शब्द चालत गेला.

ठगूबाई पायरीशी उभी.
आधीची चार गेली तेव्हा याला तिनं
उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं,
मरणाला किळस यावी म्हणून.

वहीकडे बोट करून म्हणाली,
“लढाई लिखली का त्यात, भाऊ?”

रकान्यात अजून
दीड बोट जागा होती.