मीठ नसलेलं मीठ

आमचं नॉर्थविच मिठावर उभं आहे, अगदी खरोखर.
खाली कधीतरी आटलेला समुद्र,
वर हाय स्ट्रीट, चष्म्याचं दुकान, एक बंद पडलेली बँक.
पूर्वीच्या लोकांनी खारं पाणी इतकं उपसलं
की दुकानं गुडघ्यांत वाकली.
मग पुढची लाकडी सांगाड्यांवर बांधली,
जमीन खचली की जॅक लावून उचलायची.

अठ्ठावीस वर्षं इथल्या कारखान्यात
मी मिठाची शुद्धता मोजली.
नव्व्याण्णव पूर्णांक किती, ते वहीत लिहिलं.
घरी किती खातोस,
हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

आता विचारतात.
दर महिन्याला जॅनिस दंडाला पट्टा आवळते.
"मिस्टर खांबेटे, लोणचं?"
हा शब्द तिला येतो, माझ्यामुळे.
मीठ कमी करा, म्हणते. केळं खा,
बटाटा खा सालीसकट, पोटॅशियम चांगलं.
शेजारच्या खुर्चीत शालन.
तिला तीच जॅनिस, त्याच गोड आवाजात:
केळं नको. टोमॅटो नको. नारळपाणी तर नकोच.
बटाटा सोला, चिरा, ढीगभर पाण्यात उकळा
आणि ते पाणी फेकून द्या.
किडन्या जरा थकल्यात, बाकी काही नाही.

सेहेचाळीस वर्षांनी आमच्या घरात
दोन पातेली वेगळी झाली.

मिठाचं मराठीत काय थोडं आहे?
खाल्ल्या मिठाला जागायचं,
जखमेवर चोळायचं,
बातमीला मिरचीबरोबर लावायचं,
दृष्ट काढली की विस्तवात टाकायचं.
पोटॅशियमला एक म्हणसुद्धा नाही.
म्हणून विसरलो असेन.

गौतमी रेडिंगहून हिरवा डबा घेऊन आली.
"बाबा, हे मीठ नसलेलं मीठ. चव तीच."
तीच नव्हती. शेवटी जिभेवर धातू यायचा,
कलई गेलेल्या भांड्यासारखा.
तरी मी हरखून टाकलं,
माझ्या आमटीत, तिच्या आमटीत,
भातात, घावनाच्या पिठात,
अकरा दिवस.
हल्ली स्वयंपाक मीच करतो.

बाराव्या दिवशी फोन:
पोटॅशियम सहा पूर्णांक सात, आत्ता निघा.

क्रूच्या हॉस्पिटलात तिच्या छातीवर तारा,
पडद्यावर टेकड्या, नको तितक्या टोकदार.
लागोसकडच्या तरुण डॉक्टरनं विचारलं,
"घरी खाण्यात नवीन काही?"
मी नाही म्हणालो.
रात्री घरी तिची शाल आणायला आलो,
भिंग घेऊन डबा वाचला:
दोन तृतीयांश पोटॅशियम क्लोराइड.
आयुष्यभर गोण्यांची लेबलं लिहिणारा मी,
किचनमध्ये शाल हातात घेऊन.

हॉस्पिटलात सांगितलं ते आधी डॉक्टरला.
तिला सांगायला शब्द सापडेनात, म्हणून पंप सांगितला:
पेशीच्या दारात एक पंप असतो, शालन,
दर खेपेला तीन सोडियम बाहेर काढतो,
दोन पोटॅशियम आत घेतो.
सलाइनकडे बघत ती म्हणाली,
"तीन बाहेर, दोन आत.
रेडिंग, टोरांटो, पर्थ. आणि आपण."
मग थांबून,
"पण आतल्या दोघांनी असं एकमेकांना मारायचं नसतं, अहो."
मला हसू आलं आणि थांबेना,
नर्सनं पडदा ओढून घेतला.

आता डबा नाही.
आमटी अळणी, वर लिंबू, हिंग जरा सढळ.
ती म्हणते, सवय होते. मी म्हणतो, होते.

खिडकीत निवृत्तीला मिळालेला खडा आहे,
खाणीतला, विटकरी, मुठीएवढा.
दमट हवेत त्याला पाणी सुटतं,
लाकडावर गोल डाग पडलाय.
काल संध्याकाळी मी त्यावर बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.
ती पाठमोरी होती, नळाखाली बटाटे धूत,
जरुरीपेक्षा बराच वेळ.